सांगता येईना, सोसता येईना

सेवाग्रामच्या आश्रमात शाळांच्या सहली नेहमी येतात. मुले चरखा पाहतात, बापू कुटीतली तीन माकडे पाहतात, आणि कुटीला लागून असलेले न्हाणीघर व शौचालय पाहून एकमेकांना कोपरखळ्या मारत हसतात. एका शिक्षक शिबिराच्या निमित्ताने आम्ही तिथे गेलो होतो, तेव्हा आमच्यातले एक गुरुजी त्या न्हाणीघरापाशी बराच वेळ रेंगाळले. हे गुरुजी आर्वी तालुक्यातले. नागपूरहून एकत्र येताना एसटीत जागा असूनही ते उभेच राहिले होते. विचारले तर म्हणाले, पाठ धरली आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे जमिनीवर बसले, हे मात्र झाडाला टेकून उभे. रात्री अंगणात आम्ही दोघे-तिघेच उरलो तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले.

"चार दिवसांआधी मूळव्याधीले रबर बसवलं सर. म्हणे काही दुखत नाही, उद्यापासून शाळेत जा. मले तं टेकताही येत नाही. पुन्हा जाऊन विचारलं, तं म्हणे थोडं सोसा."

त्यांनी घरी धड सांगितले नव्हते, शाळेत सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ताप, पाठ, कंबर, काहीही चालते. या जागेचे नाव मात्र कोणी घेत नाही. त्यामुळे हे दुखणे एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरील जाहिरातींपर्यंत जाऊन पोचते आणि तिथल्या 'गॅरंटी'वाल्यांचे फावते. गुरुजी निदान दवाखान्यात तरी गेले होते. पण त्यांच्या बोलण्याने आमच्या डोक्यात एक प्रश्न घातला. डॉक्टर म्हणतात दुखत नाही, रोगी म्हणतो बसवत नाही. यात खोटे कोण बोलते आहे? थोडा शोध घेतल्यावर आमच्या लक्षात आले की दोघेही खरे बोलत असू शकतात. ते कसे, हे समजून घ्यायला सुरुवात त्या कुटीत राहणाऱ्या माणसापासूनच करता येते.

१९१८ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी गुजरातेत खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. पोट आधीच बिघडलेले. एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग त्यांनी नको म्हणता म्हणता खाल्ले आणि तासाभरात आव सुरू झाली. दिवसाला तीसचाळीस वेळा जावे लागे, आणि औषध घ्यायचे नाही हा हट्ट. आता आपण जगत नाही असे त्यांना वाटू लागले होते. याच आजारात अहमदाबादेला त्यांच्याकडे एक मराठी गृहस्थ आले, डॉ. केळकर. सगळ्या अंगाला बर्फ लावण्याचा त्यांचा उपचार होता, म्हणून गांधीजींनी आत्मकथेत त्यांना 'बर्फाचे डॉक्टर' असेच म्हटले आहे. बर्फाने किती गुण आला याविषयी डॉक्टरांचा दावा गांधीजी मान्य करत नाहीत, पण त्या उपचाराने मनाला उभारी आली हे मान्य करतात. ही नोंद लक्षात ठेवावी. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

हवापालटासाठी ते माथेरानला गेले. तिथले पाणी जड. आवेने आधीच हुळहुळी झालेली गुदद्वाराची जागा आता चिरली होती. शौचाला जाताना इतक्या कळा येत की जेवणाच्या विचारानेच धडकी भरे. आठवडा व्हायच्या आत त्यांना माथेरान सोडावे लागले. शंकरलाल बँकर यांच्या आग्रहाने मुंबईत डॉ. दलालांना दाखवले. शरीर भरून यायचे तर दूध घ्यायलाच हवे, असे दलाल म्हणाले. गांधीजींची तर दूध न घेण्याची प्रतिज्ञा. खाटेमागे उभ्या असलेल्या कस्तुरबा मध्येच म्हणाल्या की मग बकरीच्या दुधाला काय हरकत? गाईम्हशींवरच्या अत्याचारामुळे प्रतिज्ञा घेतली होती, तेव्हा बकरी तिच्या शब्दांत बसत नव्हती. गांधीजींनी मान्य केले आणि पुढे जन्मभर त्याची खंतही बाळगली. जानेवारी १९१९ मध्ये दलालांनी चिरेची शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. रौलट कायद्याविरुद्धचा लढा त्यांनी या दुखण्यातून उठता उठताच उभारला.

आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच मूळव्याध म्हणतात. पण गांधीजींचे दुखणे आणि आमच्या गुरुजींचे दुखणे एक नव्हे. गुदनलिकेच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या सर्वांनाच असतात आणि तोंड नीट मिटायला मदत करतात. त्या फुगून खाली सरकल्या म्हणजे मोड, खरी मूळव्याध. तोंडाशी त्वचा फाटली म्हणजे चीर. आतून बाहेर त्वचेपर्यंत नळी पडली म्हणजे भगंदर. मोडातून रक्त जाते पण बहुधा कळ येत नाही. चिरेची कळ मात्र काचेचा तुकडा जावा तशी.

या फरकाचे कारण फार मजेदार आहे, आणि वर्गात गर्भाची वाढ शिकवताना सांगण्यासारखे आहे. गर्भात आतड्याची नळी वरून खाली येते आणि बाहेरची त्वचा आत वळते. दोन्ही जिथे मिळतात तिथे जन्मभर एक दातेरी रेषा राहते. गुदनलिका साधारण चार सेंटिमीटर लांब, आणि तिच्या तोंडापासून सुमारे दोन सेंटिमीटर आत ही दंतुर रेषा. रेषेच्या खाली बोटाच्या टोकाला असतात तसल्या मज्जातंतू. तिथे टोचले, कापले, भाजले की लगेच कळते. रेषेच्या वर आतड्याच्या मज्जातंतू. तिथे कापले किंवा भाजले तरी पत्ता लागत नाही, पण ताण पडला की लागतो. पोटात वायू धरला की जीव कासावीस होतो तो अशाच ताणामुळे. हाताच्या बोटाएवढ्या जागेत वेदनेचे दोन वेगळे देश आहेत आणि त्यांची सरहद्द उघड्या डोळ्यांना दिसते.

मूळव्याधीच्या छोट्या उपचारांचा सगळा इतिहास म्हणजे या सरहद्दीच्या वर राहून काम उरकण्याची युक्ती आहे. सुश्रुताने अर्शासाठी औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. मोडात औषध टोचण्याची आधुनिक रीत एकोणिसाव्या शतकातली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मिचेल नावाच्या डॉक्टराने १८७१ च्या सुमारास तेलात मिसळलेले कार्बॉलिक आम्ल टोचायला सुरुवात केली. त्याने कृती गुप्त ठेवली. पुढे ती गावोगाव फिरणाऱ्या भोंदूंच्या हाती गेली. शेवटी शिकागोच्या अँड्र्यूज यांनी ते गुपित फोडून हजारो रुग्णांची माहिती गोळा केली आणि १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे भिंतीवरच्या 'बिना ऑपरेशन' जाहिरातींचा वंश बराच लांबचा आहे. बदामाच्या तेलात पाच टक्के फिनॉल, असे तेच औषध पुढे मान्यताप्राप्त दवाखान्यांत आले. ते मोडाच्या मुळाशी, रेषेच्या वर टोचतात.

मोठी शस्त्रक्रिया, म्हणजे मोड मुळापासून कापून काढणे, लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये व्यवस्थित मांडली. शिक्षकांना हे वर्ष दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. मिलिगन-मॉर्गनची शस्त्रक्रिया खात्रीची, पण तिची जखम रेषेच्या खालीही येते, म्हणून नंतरच्या कळांसाठी ती बदनाम झाली. ती टाळण्यासाठी अमेरिकेत ब्लेसडेल यांनी १९५० च्या दशकात भूल न देता मोडाच्या मुळाशी फास बांधण्याची रीत काढली, आणि १९६३ मध्ये डेट्रॉइटच्या बॅरन यांनी फासाऐवजी छोटी रबरी कडी बसवली. रक्त बंद होऊन मोड वाळतो आणि आठवड्याभरात कडीसकट गळून पडतो. आमच्या गुरुजींना बसवलेले 'रबर' ते हेच.

मग दुखले का? कडी रेषेच्या फार जवळ बसली तर तत्काळ आणि असह्य दुखते; मग ती काढावीच लागते. पण कडी वर, योग्य जागी बसली तरी ताणाची जाणीव उरतेच. आवळून फुगलेला मोड आतून मैल्याच्या गोळ्यासारखा भासतो. रोग्याला वाटते शौचास लागली आहे. तो कुंथतो, ताण आणखी वाढतो. आणि मग येतो खरा खलनायक. गुदद्वाराचे तोंड मिटून धरणारे दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपल्या हुकमात असतो, आतला नसतो. जवळपास इजा झाली की आतला स्नायू मुठीसारखा आवळला जातो आणि कितीही ठरवले तरी आपल्याच्याने सैल होत नाही. आवळल्यामुळे दुखते, दुखल्यामुळे आणखी आवळतो. डॉक्टर म्हणाले दुखत नाही, ते कापण्याच्या-टोचण्याच्या वेदनेबद्दल. गुरुजींना होत होती ती ताणाची आणि आवळण्याची वेदना.

कडीनंतर दुखते का, हे कोणी नीट मोजले आहे का, असे आम्ही पाहू लागलो, तर उत्तर घराजवळच सापडले. नागपूरचे शल्यचिकित्सक पी. जे. गुप्ता यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शंभर रुग्ण, सगळ्यांना सुरुवातीच्या अवस्थेतली रक्ती मूळव्याध. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने वाटणी करून काहींना रबरी कडी बसवली, काहींचे मोड अवरक्त किरणांनी शेकले. वेदना मोजण्याचे साधन अगदी साधे असते. एक रेघ, एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्याला 'असह्य'. आपली वेदना कुठे आहे तिथे रोग्याने खूण करायची. दहापैकी किती, असा आकडा त्यातून मिळतो. पहिल्या आठवड्यात कडीवाल्यांचे आकडे दोन ते पाच आले, किरणवाल्यांचे शून्य ते तीन. किरणवाले लवकर कामावर गेले. पण मोड आटोक्यात आणण्यात कडीच सरस ठरली; किरणांनंतर ते पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जास्त. म्हणजे गुरुजींना "काही दुखत नाही" ऐवजी "आठवडाभर थोडे ते मध्यम दुखेल, पण काम पक्के होईल" असे सांगता आले असते. एवढे सांगायला एक मिनिट लागते. आमच्या मते गुरुजींच्या दुखण्यातला निम्मा भाग, काहीतरी बिघडले आहे या भीतीचा होता.

आता त्या न्हाणीघराकडे परत. गांधीजींचा पाण्यावर फार विश्वास. दक्षिण आफ्रिकेत असताना लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक त्यांच्या हाती पडले, तेव्हापासून कटिस्नान त्यांच्या नित्याचे झाले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहून पूर्ण केले. त्यात टबात बेंबीपर्यंत पाणी घेऊन, पाय बाहेर ठेवून कसे बसावे याचे सविस्तर वर्णन आहे. त्या पुस्तकाचे भाषांतर त्यांच्या देखरेखीखाली केले डॉ. सुशीला नय्यर यांनी. याच सुशीलाबेननी पुढे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला नाव आहे कस्तुरबांचे, खाटेमागून बकरीचे दूध सुचवणाऱ्या कस्तुरबांचे.

कूनेचे कटिस्नान थंड पाण्याचे. सगळे रोग एकच, शरीरात साचलेली घाण हे त्यांचे मूळ, ही त्याची उपपत्ती आज कोणीही मानत नाही. आपल्याकडची जुनी परंपरा वेगळे सांगते. चरकाच्या अर्शचिकित्सेत वेदनेने हैराण झालेल्या रोग्याला कोमट काढ्यात बसवायला सांगितले आहे. 'सुखोष्ण' हा त्यांचा सुंदर शब्द. सुख वाटेल इतपतच उष्ण. मग थंड की कोमट? हा वाद मोजून सोडवता येण्यासारखा होता, पण कोणी मोजेपर्यंत १९८६ उजाडले. इटलीतल्या डोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना ५, २३ आणि ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसवून गुदनलिकेतला दाब मोजला. थंड आणि साध्या पाण्याने दाब हलला नाही. ४० अंशांच्या पाण्याने तो उतरला. कैरोच्या शफीक यांनी १९९३ मध्ये स्नायूतले विद्युत संकेत टिपून असेच दाखवले: ऊब लागली की हुकमात नसलेला आतला स्नायू सैल पडतो. चरकाचे सुखोष्ण बरोबर निघाले. बर्फाने जागा बधिर होते आणि सूज कमी व्हायला मदत होते हे खरे, पण आवळलेली मूठ उघडते ती उबेने.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण नागपूरच्या गुप्तांनीच २००६ आणि २००७ मध्ये आणखी दोन प्रयोग प्रसिद्ध केले, चीर पडलेल्या आणि चिरेची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर. अर्ध्यांना कोमट पाण्यात बसायला सांगितले, अर्ध्यांना नाही. रेघेवरच्या वेदनेच्या आकड्यांत लक्षणीय फरक सापडला नाही. मात्र समाधान विचारले तर टबात बसणारे स्पष्टपणे जास्त समाधानी होते. बर्फाच्या डॉक्टरांविषयीची गांधीजींची नोंद इथे आठवते. दाव्याला पुरावा नाही, पण उभारी आली.

याचा अर्थ काय लावायचा? आमचा अंदाज असा, की दाब उतरतो तो पाण्यात बसलेले असेपर्यंत आणि पुढे थोडा वेळ; दिवसाच्या शेवटी विचारलेल्या एका आकड्यात ती दहा मिनिटांची सुटका हरवून जाते. शिवाय औषधाच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, खोटे कोमट पाणी कुठून आणणार? हा आमचा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण फुकटचा, निरुपद्रवी आणि माणसाला बरे वाटणारा उपाय सोडून द्यायला आमचे मन घेत नाही.

स्नायू सैल करण्याची रासायनिक वाटही सापडली आहे, आणि ती रसायन शिकवणाऱ्यांना आवडेल. आल्फ्रेड नोबेलने ज्या नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट केला, तेच अतिशय सौम्य प्रमाणात मलमातून लावले तर त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि आतला स्नायू ढिला होतो. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचे काम करते, या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे मलम मुख्यतः चिरेसाठी वापरतात. डोके फार दुखते हा त्याचा दोष. त्याच १९९८ साली सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मंडळींनी दाखवले की मोड कापल्यानंतर मेट्रोनिडॅझोल हे जंतूंवरचे औषध दिले तर वेदना कमी होते.

वेदनाशामक गोळ्यांत मात्र एक सापळा आहे. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या मेंदूकडे जाणारी कळ दाबतात आणि आतड्याची हालचालही मंदावतात. मग मळ कडक होतो, आणि ज्या जागेसाठी गोळी घेतली तिथेच तो ओरखडतो. म्हणून साध्या उपचारानंतर बहुधा पॅरासिटामॉलपासून सुरुवात करतात, आणि सोबत इसबगोल. एका काचेच्या पेल्यात चमचाभर इसबगोलाची साल घालून पाणी ओता आणि तासाभराने मुलांना दाखवा. पाणी धरून फुगलेला तो लिबलिबीत गोळा आतड्यात काय करतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. तंतुमय पदार्थांनी मूळव्याधीतला रक्तस्राव कमी होतो हे अनेक प्रयोगांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. पण इसबगोल घ्यायचा आणि पाणी प्यायचे नाही, तर तो गोळा घट्ट बसतो. मधल्या सुट्टीत शौचालय धड नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका आम्हाला ठाऊक आहेत.

"सोसा" हे उत्तर केव्हा धोक्याचे असते तेही इथे लिहिले पाहिजे. कडी बसवल्यावर दुखणे दिवसेंदिवस वाढत गेले, ताप आला किंवा लघवी अडली, तर हे तिन्ही मिळून किंवा यांतले एकही आत जंतुसंसर्ग झाल्याची खूण असू शकते. हे क्वचितच होते, पण जिवावर बेतू शकते. अशा वेळी रात्र उलटू न देता रुग्णालय गाठावे. आणि रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे घरी बसून ठरवू नये. विशेषतः चाळिशीनंतर.

आमच्या गुरुजींना ताप नव्हता, लघवी साफ होती, दुखणे पहिल्या दिवसापेक्षा कमीच होत होते. दंतुर रेषेचे चित्र आम्ही त्यांना त्या रात्री अंगणातल्या धुळीत काडीने काढून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रबर बरोबरच बसलं आहे म्हणा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, सगळे जमले असताना, त्यांनी स्वयंपाकघरातल्या बाईंना हाक मारली. "ताई, बादलीभर कोमट पाणी अन् एक मोठं घमेलं भेटन का? मूळव्याधीचं ऑपरेशन झालं आहे, शेकाले बसाचं आहे." क्षणभर कोणी काही बोलले नाही. ताईंनी पाणी किती गरम हवे ते विचारले. तान्ह्या पोराच्या आंघोळीला कोपर बुडवून पाहता तेवढे, असे आम्ही सांगितले.

दुपारच्या सत्रात गुरुजी दुमडलेल्या सतरंजीवर, एका कुशीवर कलून का होईना, बसले होते. जेवणाच्या रांगेत त्यांच्या मागे दोघे जण हळू आवाजात त्यांना काहीतरी विचारत होते.